आधी पोटोबा, मग विठोबा
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



मी कीर्तनकार नव्हे की प्राध्यापक नव्हे. मॅट्रिक होऊन तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. पण कारकुनाच्या टेबलावर अर्ज येतात, आणि अर्ज वाचता वाचता माणूसही वाचायला मिळतो. त्यावरून सुचलेले चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

आधी पोटोबा मग विठोबा, असे आपले वाडवडील म्हणत. यात देवाचा अनादर नाही. पोट रिकामे असले की मन ठिकाणावर राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॅस्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली हेच शास्त्राच्या भाषेत मांडले. आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपली माणसे, मग मानसन्मान आणि शेवटी अंगच्या गुणांचा विकास, असा गरजांचा क्रम त्याने लावला. आपल्या मराठवाड्याने हा धडा पुस्तकाविना गिरवला आहे.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपण घरोघरी ऐकल्या आहेत. ज्या घरच्या बाया उंबऱ्याबाहेर पडत नसत, त्याही खडी फोडायला गेल्या. लोकांनी मिलोची भाकरी खाल्ली, सुकडीवर दिवस काढले. पण त्या माणसांनी भीक मागितली नाही, काम मागितले. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला म्हणूनच मोल आहे. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याने पोटाबरोबर मानही राखला. म्हणजे मॅस्लोची शिडी बरोबर असली तरी माणूस एका वेळी एकाच पायरीवर उभा नसतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? विसर्जन करून लोक निजले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणात मातीला मिळाली. उन्हापासून आणि चोरापासून रक्षण व्हावे म्हणून दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर जड माळवद, अशी आपली घरे. तीच काळ ठरली. पुढे कित्येक दिवस नांदेडपर्यंतची माणसे धडके घर असूनही अंगणात निजली. त्या वेळी त्यांना भित्रे म्हणणारेही होते. पण जिवाची भीती ही गरजच आहे, ती समजावून जात नाही. नंतर ५२ गावे नव्या जागी वसली. पक्की घरे, सरळ रस्ते मिळाले. तरी भावकी विखुरली, शेजार तुटला, याची खंत म्हातारी माणसे बोलून दाखवीत. डोक्यावर छप्पर आले की माणूस आपली माणसे शोधू लागतो.

२०१६ साली लातूरला पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक लोकांनी जमू नये, असा जमावबंदीचा हुकूम निघाला. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. एरवी शेजाऱ्याला साखर देणारी बाई त्या उन्हाळ्यात घागरीवरून भांडली. म्हणून तिचा स्वभाव वाईट झाला काय? घरात लेकरू तहानलेले होते.

दुष्काळी मुलखात ऊस का लावता, असे शहाणे लोक शेतकऱ्याला विचारतात. उसाला पाणी फार लागते, हे खरेच. पण ज्याला कायद्याने किमान दर ठरलेला आहे आणि न्यायला कारखाना आहे, असे दुसरे पीक त्याला दाखवा. सोयाबीनचा भाव आज एक, उद्या दुसरा. शेतकऱ्याचा हा लोभ नव्हे, ती सुरक्षिततेची गरज आहे. तिची सोय दुसऱ्या पिकात झाली, तर उपदेशाची गरज उरणार नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, कोणाला नावे ठेवण्याआधी त्याला कशाची गरज पडली आहे, ते विचारावे. सावकाराच्या दारात जाणारा, पोरीचे लग्न घाईने उरकणारा, मुलाला शाळेतून काढून ऊसतोडीला नेणारा, यांचे करणे चूक असेल. पण नुसत्या दोषाने ते थांबत नाही, अडचण दूर झाली म्हणजे थांबते.

आता आपल्या घरचे बोलतो. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जाणार आहेत. ते योग्यच आहे, मानाची गरज सर्वांना असते. परंतु ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, ज्यांनी डोक्यावरून वाळू वाहिली, पाणी शेंदले, त्यांनाही मान हवाच असतो. त्यांची नावे त्याच फरशीवर, त्याच अक्षरांत यावीत. आणि शिल्लक रकमेतून आधी सर्व जातींच्या माणसांसाठी पाण्याची टाकी व्हावी, कमान मागाहून करता येईल. समितीने याचा विचार करावा, अशी हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.