थरांमध्ये काय भरावे?
(प्रौढ साक्षर वर्गात दिलेले भाषण)



आज आपण वाढदिवसाच्या केकविषयी बोलणार आहोत. हसू नका. आपल्याच वर्गातल्या एका आजीने हा विषय काढला आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मे महिन्यात नातू मुंबयसून येतलो. तेचो वाढदिवस घराकच करूचो आसा. केक माका जमता. पण थरांच्या मधी काय घालू?"

चांगला प्रश्न आहे. केक बिघडतो तो बहुधा मधल्या सारणाने. आणि केक बिघडला तर नुसता जिन्नस फुकट जात नाही, पोरांची पोटे बिघडतात. म्हणून सारण कसे निवडावे, ते आज नीट पाहू.

केक नवा आहे, पण थर आपल्याला नवे नाहीत. आपल्याकडे सातकाप्यांचे घावन करतात. तांदळाचे पातळ घावन, त्यावर गूळखोबऱ्याचे चून, मग घडी, पुन्हा घावन, पुन्हा चून. असे थरावर थर. शेजारच्या गोव्यात बिबिंक करतात. मैदा, अंड्याचा बलक, साखर, तूप आणि नारळाचे दूध. एक थर भाजला की त्यावर दुसरा ओततात. त्यात सारण नसतेच. गोव्याच्या या बिबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि वरखाली विस्तव ठेवून भाजायचे म्हणाल, तर आपल्या आज्या तवशाचे धोंडस तसेच भाजत आल्या. तेव्हा केकला बिचकायचे कारण नाही.

आता सारणाचे काम काय? पहिले काम, चव देणे. दुसरे काम, थर धरून ठेवणे. सारण पातळ असेल तर खालचा थर भिजून लगदा होतो आणि वरचा थर घसरतो. फार घट्ट असेल तर पसरताना केक फाटतो. करंजीच्या सारणाहून ओलसर आणि श्रीखंडाहून घट्ट, असे सारण केकला चांगले.

सारण निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. केक किती वेळ बाहेर राहणार? खाणार कोण? घरात काय आहे?

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आपला मुलूख समुद्राकाठचा. हवा दमट, मे महिन्यात उकाडा. वीज कधी जाईल याचा नेम नाही. दुधाची साय, क्रीम, कस्टर्ड हे पदार्थ अशा हवेत टिकत नाहीत. का टिकत नाहीत, त्याचा हिशेब मांडून पाहू. पाटी घ्या. ऊब, ओल आणि अन्न मिळाले की काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणजे तासाभरात एकाचे ८. दोन तासांत ६४. चार तासांत ४०९६! आणि सुरुवात काही एकाच जंतूने होत नाही. म्हणून सांगतात की दुधाक्रीमचा पदार्थ फ्रिजच्या बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाच्या वर ठेवू नये. वास आला नाही म्हणजे पदार्थ चांगला, असेही समजू नका. काही जंतू वासही देत नाहीत आणि चवही बदलत नाहीत.

मग गूळ, साखर घालून आटवलेले पदार्थ का टिकतात? साखर आणि गूळ पाणी धरून ठेवतात. जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही. आंब्याचे साट पावसाळाभर राहते ते यामुळेच. उन्हात पाणी उडालेले असते, आणि राहिलेले पाणी साखरेने धरलेले असते. हे तत्त्व आपल्या घरात होतेच. केकमध्ये तेवढे वापरायचे.

आता तीन सारणे सांगतो. मापे वीतभर रुंदीच्या आणि तीन थरांच्या केकची आहेत.

एक, गूळखोबरे. खवलेला नारळ दोन वाट्या, किसलेला गूळ एक वाटी. चिमूटभर मीठ. मंद आचेवर परता. पाणी घालू नका, गूळ आपले पाणी सोडतो. कडा सुटू लागल्या की उतरवा. वेलची, जायफळ घाला. मोदकाच्या चुनापेक्षा किंचित ओलसर ठेवा, म्हणजे पसरेल. पण ध्यानात ठेवा, ओल्या नारळाचे सारण दिवसभरच चांगले. सकाळी केले तर संध्याकाळी संपवा.

दोन, आंबा. मे महिन्याचा वाढदिवस आणि दारात हापूस, मग दुसरे सारण कशाला शोधायचे? देवगडच्या हापूसला तर २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रस दोन वाट्या, साखर पाव ते अर्धी वाटी, आंबा पाहून. जाड बुडाच्या भांड्यात आटवा. उलथन्याने बुडाशी रेघ ओढा. रेघ लगेच मिटली तर अजून आटवा. रेघ तशीच राहिली तर सारण झाले. रस आटताना तडतड उडतो आणि पोळतो. लांब दांड्याचे उलथने घ्या, पोरांना चुलीपासून दूर ठेवा. वाढदिवस आषाढ-श्रावणात असेल तर घरात साट असेलच. त्याचे बारीक तुकडे गरम पाण्यात भिजवा आणि घोटून घ्या.

तीन, काजू. काजू आज आपला म्हणतो, पण तो मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो या किनाऱ्यावर आणला. पुढे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या सुधारित जाती तयार केल्या. परका काजू आपला झाला, तसा केकही होईल. अर्धी वाटी काजूगर भाजा, बारीक कुटा आणि गूळखोबऱ्यात मिसळा. लहान पोरांना अख्खा काजूगर देऊ नका, घशात अडकतो.

सारण पुरते थंड झाल्यावरच भरा. केकही थंड हवा. गरम केकवर सारण घातले की वाफ धरते आणि पाणी सुटते. केक कापायला शिवणाचा जाड दोरा घ्या. केकच्या कमरेभोवती गुंडाळा आणि टोके एकमेकांवरून ओढा. सरळ दोन थर होतात. पुन्हा तसेच केले की तीन. सारण कडेपर्यंत नेऊ नका. बोटभर जागा सोडा. वरच्या थराच्या वजनाने ते आपोआप कडेला येते.

आता दुसरा प्रश्न, खाणार कोण? पाहुण्यांच्या पोरांपैकी कोणाला काजू किंवा शेंगदाणा सोसत नाही का, हे त्यांच्या आयांना आधीच विचारा. न सोसणाऱ्या मुलाच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. असे झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा. दुसरे, मधुमेहाचे माणूस. पुष्कळांना वाटते की गूळ चालतो, साखर चालत नाही. तसे नाही. गुळानेही रक्तातली साखर वाढते. आजोबांना लहानशी फोड द्या आणि बाकीचा मान टाळ्या वाजवायचा द्या.

तिसरा प्रश्न, घरात काय आहे? नारळ परसातला, आंबा बागेतला, काजू डोंगरावरचा. शेजारणीकडे पांढरा केक आला म्हणून आपल्याकडे आलाच पाहिजे, त्यासाठी उसनवारी झाली तरी चालेल, हा विचार घराला परवडणारा नाही. वर्षाच्या पोराला केकची किंमत कळत नाही. दहा वर्षांच्या पोराला आईच्या हातची चव मात्र कळते.

तरीही कोणाला पांढरे क्रीम हवेच असेल तर आणा. पण आणताना वाचा! तुम्हांला आता वाचता येते, ते अशाच वेळी कामाला यायला हवे. ते पांढरे क्रीम पुष्कळदा दुधाचे नसतेच, वनस्पती तेल आणि साखर यांचे असते. पुड्यावर तसे छापलेले असते. तयार केल्याची तारीख पाहा, कधीपर्यंत वापरावे ती तारीख पाहा. कोठे आणि किती थंड ठेवावे तेही लिहिलेले असते. चौकोनात हिरवा ठिपका असेल तर जिन्नस शाकाहारी. चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी, आणि अंड्याचा जिन्नसही त्यातच येतो. अक्षरे बारीक असली तर दुकानदाराला वाचायला सांगू नका. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. तारीख उलटलेली असेल तर परत द्या. त्यात लाज कसली?

तर त्या आजींना माझे सांगणे असे. मे महिना आहे, आंब्याचे सारण करा. आदल्या दिवशी आटवून झाकून ठेवा, शक्य तर फ्रिजात. केक सकाळी भाजा, दुपारी भरा, संध्याकाळी कापा आणि रात्री संपवा.

आणि सगळ्यांना एक काम देतो. आपल्या घरातल्या सारणाची कृती वहीत लिहून आणा. किती वाट्या, किती वेळ, खूण कोणती. स्वतःच्या अक्षरात लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आपल्या आज्यांच्या कितीतरी कृती त्यांच्याबरोबर गेल्या, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. तुमची कृती तुमच्या सुनेला आणि नातीला वाचता आली पाहिजे. पुढच्या शनिवारी मी एकेक वही तपासणार आहे.