घरातली बॅटरी: प्लग लावण्याआधी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोड्याफार दुरुस्तीसह.)



मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनियरिंग, पोट भरतो सॉफ्टवेअरच्या सल्लामसलतीवर. पण आपल्या लोकांचा ठाम समज आहे की ज्याला कॉम्प्युटर कळतो त्याला मिक्सर, गीझर आणि इन्व्हर्टरही कळलाच पाहिजे. त्यामुळे गेल्या वर्षभरात एकच प्रश्न मला निदान दहाजणांनी विचारला, "ती प्लगमध्ये लावायची मोठी बॅटरी मिळते ना, ती घेऊ का? सेफ आहे का?" पहिल्या दोघातिघांना मी "चांगली कंपनी बघून घ्या" असं सांगून टाकलं. ते उत्तर अर्धवट होतं, हे मला माझ्याच घरात कळलं. तेच आज सांगणार आहे.

झालं असं. आईबाबा सांगलीला असतात. लोडशेडिंगच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर, त्याखाली दीडशे अँपियर-अवरची लेड-ॲसिडची ट्युब्युलर बॅटरी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हीच जोडी असेल. डिस्टिल्ड वॉटर टाकायचं कोणी, यावरून आमच्याकडे दर महिन्याला वाद. म्हणून मी इथून पैसे पाठवले आणि म्हटलं, "बाबा, आता लिथियमची घ्या." त्यांनी घेतली. व्हिडिओ कॉलवर हौसेने दाखवलीही. बघतो तर काय, बॅटरी मुख्य दरवाजाला लागून, चपलांच्या रॅकखाली, आणि वर तीन महिन्यांची रद्दी! मी म्हटलं, "बाबा, ही तिथून हलवा." तर म्हणाले, "अरे, दुकानदार म्हणाला, मेंटेनन्स फ्री आहे. हिला काही करावं लागत नाही."

तिथेच मला जाणवलं की बॅटरी कुठली, हे आम्ही दोघांनी नीट पाहिलं होतं. पण तिला काही झालं तर दोन म्हातारी माणसं बाहेर कशी पडणार, याचा विचार दोघांपैकी एकानेही केला नव्हता.

आता ही भीती उगाच आहे का? सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची काढून आणलेली बॅटरी रात्री चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात लोहगावला नुसती उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिला असेल. त्या वर्षीच्या आगींनंतर सरकारने समिती नेमली आणि वाहनांच्या बॅटऱ्यांचं एआयएस १५६ हे मानक डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केलं. पण ते वाहनांसाठी. आपल्या हॉलमधल्या बॅटरीला ते लागू नाही.

घरात एवढी ऊर्जा ठेवणं आपल्याला नवीन नाही. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये अशा एक युनिटच्या बॅटरीच्या शंभरपटीहून जास्त ऊर्जा असते. तरी आपण त्याच्यासोबत सुखाने राहतो, कारण त्याचे नियम आपल्या अंगवळणी पडलेत. रात्री बटण बंद करायचं, वास आला की खिडक्या उघडायच्या. तो वाससुद्धा मुद्दाम मिसळलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. लिथियमच्या सेलला असं बटण नाही. आत काही बिघडून एक सेल तापायला लागला, की त्या तापण्यानेच आतल्या रासायनिक क्रिया वाढतात, त्याने तो आणखी तापतो, आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. प्लग काढून ही साखळी थांबत नाही. बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. ज्वाळांच्या आधी माणसाला गाठतो तो धूर.

यात लिथियमच्या जातीजातीत फरक आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, म्हणजे एनएमसी, कमी वजनात जास्त वीज साठवते, पण तापली तर तिच्या आतूनच ऑक्सिजन सुटतो. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, वजनाला जड, पण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ती सहजासहजी पेटत नाही. घरासाठी घ्यायचीच तर एलएफपी, यात मला शंका नाही. मात्र "सहजासहजी नाही" म्हणजे "कधीच नाही" नव्हे. तिच्यातूनही पेट घेणारा वायू निघतो.

दुकानदार म्हणतो, "आत बीएमएस आहे ना!" बीएमएस म्हणजे सेलचं तापमान आणि व्होल्टेज बघून वेळ आली तर तोडणारं सर्किट. त्यात सॉफ्टवेअर असतं, आणि सॉफ्टवेअर घाईगडबडीत कसं बनतं हे मला विचारा! बीएमएस हवाच, पण तो शेवटचा पहारेकरी आहे. सांगलीत नेमकं हेच झालं होतं. बॅटरी नवी, इन्व्हर्टर जुना आणि त्याचं चार्जिंग ट्युब्युलरच्या सेटिंगवर, म्हणजे लिथियमला नको इतक्या व्होल्टेजचं. बीएमएस रोज मधे पडून ते तोडत होता आणि आम्हाला पत्ताच नाही. शेवटच्या पहारेकऱ्याला रोज मारामारी करायला लावली तर एक दिवस तो कमी पडणारच.

सर्टिफिकेटांचंही तसंच. यूएन ३८.३ असं लिहिलेलं असेल तर ती वाहतुकीची चाचणी, प्रवासात हादरे आणि हवेचा कमी दाब सोसण्याबद्दलची. घरातल्या रोजच्या वापराबद्दल ती फारसं काही सांगत नाही. सीई हे चिन्ह बऱ्याच वस्तूंवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. "यूएल ९५४०ए पास" असं कोणी म्हटलं तर सावध व्हा, कारण ती आग कशी पसरते हे मोजायची पद्धत आहे, तिच्यात पास-नापास नसतं. बघायचं ते फिरत्या पॉवर स्टेशनसाठी यूएल २७४३ आणि एका जागी बसवायच्या बॅटरीसाठी आयईसी ६२६१९, आणि तेही मॉडेल नंबरसकट. आणि नाव मोठं म्हणून निर्धास्त राहू नका. जून २०२५ मध्ये अँकरसारख्या नामांकित कंपनीने एकट्या अमेरिकेत अकरा लाखांहून जास्त पॉवर बँका परत मागवल्या. अशा वेळी ज्याच्याकडे बिल आणि सिरियल नंबर आहे त्यालाच कळतं की आपली त्यात आहे का. म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा.

आता बहरीनकडे येतो. जुन्या मंडळींना २३ ऑगस्ट २००४ आठवत असेल. ऐन उन्हाळ्यात साऱ्या देशाची वीज गेली आणि परत यायला कित्येक तास लागले. ती आठवण सांगून बॅटरी घ्यायला निघालेले एक काका मला भेटले. मी त्यांना हिशोब करून दाखवला. एक युनिटच्या बॅटरीवर दीड टनाचा एसी जेमतेम पाऊण तास चालेल. पंखा, राउटर आणि दोन दिवे रात्रभर चालतील, पण ऑगस्टमधल्या इथल्या रात्री नुसत्या पंख्याने काय होणार? वीज इथे क्वचितच जाते. माझं स्पष्ट मत, घरी सतत लागणारं वैद्यकीय उपकरण नसेल तर बहरीनच्या फ्लॅटमध्ये मोठ्या बॅटरीची गरज नाही. गावाकडची गोष्ट वेगळी.

तरीही घेतलीत, तर बाल्कनीत ठेवू नका. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि आपल्या बंद बाल्कनीत जुलैत काय होतं ते वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा! म्हणजे ती एसीत, घरात ठेवणं आलं. आपल्या बहुतेक फ्लॅटना दार एकच. तेव्हा बेडरूम आणि दार यांच्या वाटेवर बॅटरी नको. सोफ्याखाली, पडद्याजवळ नको. चार्जिंग जागेपणी, आणि छताला धुराचा अलार्म. तो काही महाग नसतो.

आणि प्लग! इथलं सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तेरा अँपियरच्या फ्यूजवाल्या प्लगसाठीचं. आपण भारतातून गोल पिनांचं सामान आणतो आणि मल्टी-प्लगमध्ये कोंबतो. दोन पिनी असेल तर अर्थिंगच्या भोकात बॉलपेन खुपसून झडप उघडतो. हसू नका, मीही केलंय. मोबाइलला हे खपून जातं. पण काही पॉवर स्टेशन चार्ज होताना २४०० वॅट, म्हणजे दहा अँपियरहून जास्त ओढतात, तेही तासभर. ढिला प्लग किंवा गुंडाळलेलं एक्स्टेंशन यात वितळू शकतं. सरळ भिंतीत, एकटा प्लग, आणि अर्ध्या तासाने हात लावून बघायचं.

युरोपात आता उलटा प्रकार निघालाय. बॅटरी किंवा बाल्कनीतलं सोलर सॉकेटमधून घराला वीज देतं. जर्मनीत ८०० वॅटपर्यंत याला मुभा आहे. ऐकायला छान, पण वायरिंगचा विचार करा. १६ अँपियरच्या एमसीबीमागे बॅटरी आतूनच साडेतीन अँपियर सोडत असेल, तर वायरमधून साडेएकोणीस गेले तरी एमसीबीला कळणार नाही. तिथे त्यासाठी नियम आणि खास यंत्रं आहेत. इथल्या भाड्याच्या घरात, वीज खात्याला आणि घरमालकाला न विचारता हा उद्योग नको. आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून पॉवर स्टेशनची वीज भिंतीत सोडायचा "जुगाड" तर अजिबात नको. एक टोक निघालं की त्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात, आणि घरात मुलं असतात.

बॅटरी फुगली, गोडसर रसायनाचा वास आला, तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. धूर किंवा फुसफुस सुरू झाली तर सामान गोळा करू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, जिन्याने खाली उतरा आणि ९९९ ला फोन करा. हे मुलांनाही एकदा सांगून ठेवा.

सांगलीची बॅटरी आता मागच्या गॅलरीत आहे, सावलीत, भिंतीला लागून. चार्जिंगचं सेटिंग इलेक्ट्रिशियनने बदलून दिलं. बाबांची तक्रार एवढीच की रद्दी ठेवायला जागा उरली नाही.

चहाच्या वेळी हमखास येणारा प्रश्न आताच संपवतो. इथे स्वस्त मिळाली तर सुट्टीत बॅगेतून गावी नेता येईल का? नाही. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, तीही फक्त हातातल्या बॅगेत. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. त्यावर प्रवाशाला नेताच येत नाही, आणि आपण बोलतोय त्या डब्यात हजार वॅट-अवर असतात. आईबाबांसाठी तिकडेच घ्या, आणि बसवताना व्हिडिओ कॉलवर दरवाजा कुठे आहे ते बघा.