पटावरील नांवें आणि रिकाम्या जागा



दिवाळी सरली कीं आपल्या शाळेच्या पटावर नांवें राहतात, मुलें दिसत नाहींत. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप ऊसतोडीस निघतात. लेंकरेंही फडावरील कोपींत राहतात व उन्हाळ्यांत परततात. परीक्षेंत तीं मागें पडलीं कीं आपण त्यांस मंद म्हणतों; परंतु जो धडा ऐकलाच नाहीं, त्यांत तीं उत्तीर्ण कशीं व्हावींत?

२००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला. तथापि कायदा लेंकरास जेवूं घालून शाळेंत धाडीत नाहीं, त्यास घरचें माणूस लागतें.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त आम्ही एवढेंच मागतों: प्रत्येक सुखवस्तु कुटुंबानें हंगामापुरतें एक लेंकरूं आपल्या घरीं ठेवून घ्यावें. प्रभूनें बालकांस जवळ घेतलें. आपण त्यांस उंबऱ्याबाहेर ठेवावें काय?