दात्याची इच्छा आणि पुढचा काळ



कोणत्याही जुन्या मठाची वा देवस्थानाची खातेवही उघडली, की ‘शाश्वत पूजा निधी’ या सदराखाली नोंदींची रांग लागते. कोणी मातेच्या पुण्यतिथीस अभिषेक व्हावा म्हणून 101 रुपये ठेवलेले असतात, तर कोणी नंदादीपाच्या तेलासाठी त्याहून थोडे अधिक. शेकडा 6 व्याज धरले तर 101 रुपयांचे वर्षाला सहा रुपये आणि काही पैसे होतात. ज्या काळी ही ठेव ठेवली गेली, त्या काळी तेवढ्यात नारळ, दूध, फुले आणि वर दक्षिणाही भागत असे. आज तेवढ्यात नारळसुद्धा येत नाही. अभिषेक चुकत नाही हे खरे. पण त्याचा खर्च दाता करीत नसून मठ करतो. ‘शाश्वत’ हा शब्द तेवढा वहीत शाश्वत राहिला आहे.

ही झाली पैशाची झीज. हिच्यावर उपाय आहे: व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा, म्हणजे ठेव महागाईच्या मागोमाग वाढत राहते. दुसरी झीज याहून कठीण, कारण ती हेतूची झीज आहे. पैसा शिल्लक असतो, वाढतही असतो, आणि ज्यासाठी तो ठेवला ते प्रयोजनच जगातून नाहीसे झालेले असते.

अमेरिकेतील सेंट लुइस या नगरीचे एक माजी महापौर ब्रायन मुलान्फी 1851 साली वारले. त्यांनी आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा नगरीच्या स्वाधीन केला तो अशासाठी, की पश्चिमेकडे वसाहत करण्यास निघालेल्या गरीब प्रवाशांना वाटेत साहाय्य मिळावे. त्या काळी बैलगाड्यांचे तांडे त्या गावावरून जात, माणसे आजारी पडत, पैसा संपे. दान अत्यंत समयोचित होते. पुढे आगगाडी आली, पश्चिमेचा प्रदेश वसला, आणि मृत्युपत्रात वर्णिलेला तो प्रवासी दिसेनासा झाला. निधी मात्र होता तेथेच होता. त्याचा अर्थ थोडा सैल करून घेण्यासाठी अखेर न्यायालयाची पायरी चढावी लागली. मुलान्फींचे चुकले काय? त्यांनी दया केली, पण आपल्या डोळ्यांसमोरचे जग कायमचे आहे असे धरून केली.

इंग्लंडात अशा जुन्या दानांचा मोठा साठा होता. सर आर्थर हॉबहाउस हे 1872 ते 1877 या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधिसदस्य होते. स्वदेशी परतल्यावर 1880 मध्ये त्यांनी या विषयावरील आपली व्याख्याने ‘मृताचा हात’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली. गेलेल्या माणसाने जिवंतांच्या व्यवहारावर किती काळ हात ठेवावा, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाला व्यवहारात उतरणारे उत्तर क्लीव्हलंड या गावी निघाले, आणि ते काढले एका पेढीच्या अध्यक्षाने. फ्रेडरिक गॉफ हे मूळचे वकील. क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती होती, आणि दात्यांची मृत्युपत्रे सांभाळणे हे त्या पेढीचे कामच होते. त्यामुळे कोणते दान कसे अडून बसते हे त्यांनी जवळून पाहिले. 2 जानेवारी 1914 रोजी पेढीच्या संचालकांनी एक ठराव करून ‘क्लीव्हलंड फाउंडेशन’ स्थापन केले. ज्याला गावासाठी काही ठेवून जायचे असेल त्याने ते या सामाईक न्यासात ठेवावे. थोडे असो वा फार, मुद्दल एकत्र सांभाळले जाईल. दात्याचा हेतू पाळण्याजोगा असेल तोवर पाळला जाईल. परिस्थितीने तो निरर्थक ठरला, तर उत्पन्न गावाच्या दुसऱ्या गरजेकडे वळविता येईल. त्यासाठी प्रत्येक वेळी न्यायालयात जावे लागणार नाही.

येथे कोणाही जाणत्या गृहस्थाच्या मनात शंका येईल, आणि ती रास्तच आहे. मृत्युपत्रात इतके निर्बंध माणूस उगाच घालतो काय? विश्वस्त बदलतात, नंतरचे कसे निघतील याचा भरवसा नसतो, म्हणून तो प्रत्येक अट लिहून ठेवतो. वाक्य सैल ठेवले की त्यातून हात घालणाराही निघतो. आपल्याकडील देवस्थानांच्या जमिनींचे इतिहास ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको.

गॉफ यांची खरी बुद्धी दिसते ती या ठिकाणी. पैसा राखणारा आणि पैसा वाटणारा असे दोन हात त्यांनी वेगळे केले. गुंतवणूक पेढीकडे राहिली. खर्चाचा निर्णय पाच जणांच्या समितीकडे गेला. त्यांपैकी दोघांची निवड पेढीने करावयाची, एकाची महापौरांनी, आणि उरलेल्या दोघांची दोन निरनिराळ्या न्यायाधीशांनी. राजकीय पद धारण करणारा वा त्याची इच्छा धरणारा तेथे चालणार नाही. एकाच धर्मपंथाचे फार तर दोन. पेढीलाही यात लाभ होता, कारण ठेवी तिच्याकडेच येत, हे लपविण्याचे कारण नाही. पण समितीत तिचे बहुमत नव्हते.

विशेष म्हणजे हाती फारसे उत्पन्न येण्यापूर्वीच या संस्थेने काम आरंभिले, आणि ते काम दानाचे नव्हते, चौकशीचे होते. गावातील साहाय्यसंस्थांची, नंतर शाळांची आणि 1921-22 मध्ये फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी तिने करविली. आधी गावाचे दुखणे पाहावे, मग औषधाला पैसा द्यावा, असा तो क्रम. गॉफ 1923 मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीतच शिकागो, बोस्टन इत्यादी शहरांनी हा नमुना उचलला होता. पुढे 1979 मध्ये पेढीचे नाव बदलले आणि नंतर ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. फाउंडेशन मात्र 2014 मध्ये शंभर वर्षांचे झाले आणि आजही चालू आहे.

आपल्या कायद्यालाही हा विचार परका नाही. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात, मूळ हेतू साधणे अशक्य वा अव्यवहार्य झाल्यास निधी त्याच्या शक्य तितक्या जवळच्या हेतूकडे न्यायालयामार्फत वळविण्याची तरतूद आहे. तो कायदा झाला तेव्हा बेळगाव आणि बडोदे ही दोन्ही मुंबई राज्यातच होती. पण न्यायालयाची वाट लांबची. 1991 मध्ये मुंबईत गावनिधीच्या या नमुन्यावर एक सार्वजनिक न्यासही निघाला.

मठाच्या परिसरातील ज्या गृहस्थाच्या मनात काही ठेवून जावे असे आहे, त्याने आपली इच्छा अवश्य लिहावी. अभिषेक लिहावा, विद्यार्थ्यांचे भोजन लिहावे, आईचे नाव लिहावे. मात्र त्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात. एक, व्याजाचा अमुक हिस्सा दरवर्षी मुद्दलात जावा. दुसरी, हे प्रयोजन उरले नाही तर गावाच्या तत्कालीन गरजेसाठी निधी कोणी वळवावा. आणि तेथे एकाच घराण्याचे वा एकाच पदाचे नाव न घालता, निरनिराळ्या ठिकाणांहून निवडलेल्या पाचांचे मंडळ नमूद करावे. हे कागद हयातीतच वकिलाला दाखवून घ्यावेत. मुलांनाही वाचून दाखवावेत. पुष्कळ तंटे एवढ्याने टळतात.