माशाचे न दिसणारे दुखणे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मासळी पारखण्याची विद्या आमच्या घरांत आईकडून लेकीकडे आलेली आहे. कल्ला उचलून लाली पाहावी, बोटाने दाबून मांस पाहावे, की ताजे-शिळे कळते. परंतु या पारखीस न सापडणारा एक दोष आहे, तो पाऱ्याचा. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ड्रायडन येथील एका कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा वाबिगून नदीत सोडला. खालच्या अंगास राहणाऱ्या ओजिब्वे लोकांचा आहार आणि चरितार्थ नदीतील मासळीवर होता. दोहोंवर घाला पडला. पारा गाळात बसला. तेथील सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि त्यांतून मोठ्या माशांत चढत जातो. पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढते.

असा मासा वरून धडधाकट दिसतो. आत मात्र मेंदू व यकृत यांस इजा होते, अंडी घालणे मंदावते, शत्रूपासून निसटण्याची चपळाई उणावते. मासे मरून तरंगत नाहीत, म्हणून आमचे डोळेही उघडत नाहीत. हा पारा मांसातच मुरलेला असल्याने धुण्याने वा तळण्याने जात नाही. यास्तव मासळी सोडण्याचे कारण नसले, तरी गर्भवती स्त्रिया व मुले यांना मोठ्या शिकारी माशांपेक्षा लहान मासे द्यावेत, हे इष्ट.

यावर उपाय नाही काय? आहे. त्याच प्रांतातील एका लहान तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ पासून सात वर्षे मोजूनमापून थोडा, खुणेचा पारा सोडला व मग थांबवला. पुढील आठ वर्षांत पाईक माशांतील तो पारा सुमारे तीन-चतुर्थांशाने घटला. वाबिगूनचा गाळ मात्र जुन्या पाऱ्याने इतका भरला, की अर्धशतकानंतरही तेथील मासे पुरते निर्दोष झालेले नाहीत. तात्पर्य, लवकर थांबवावे हेच खरे औषध.

पाऱ्यास आळा घालणारा मिनामाता करार भारताने २०१८ साली मान्य केला. आमच्या ज्ञातीत कारखानदार आहेत, अभियंते आहेत, नगरसेवकही आहेत. त्यांनी आपापल्या जागी दक्ष राहावे. आणि गृहिणींनी फुटलेल्या तापमापकाचा पारा मोरीत लोटू नये. ज्या पाण्याने आम्हांस पोसले, त्याचे एवढे ऋण तरी आम्ही फेडावे, ही नम्र विनंती.