आकड्यांना भिणाऱ्या मुलांसाठी
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा सारांश)



गणपती ही विद्येची देवता, म्हणून आज विद्येबद्दलच दोन शब्द बोलतो. काही मुले मला म्हणतात, "काका, आकडे नसलेले, उघड्यावरचे काम सांगा." पालकांना तर काळजीच लागते.

आपल्या बुंदेलखंडात अशी हंगामी कामे पुष्कळ आहेत. चैत्रात पहाटे महुआची फुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्ता, थंडीत मटारची तोडणी. पण तेंदूच्या गड्डीतही 50 पाने मोजावी लागतात आणि मटारचा हिशेब वजनावर होतो. ज्याला मोजता येत नाही, त्याची मजुरी दुसराच मोजतो!

आमच्या रेल्वेतही ऋतूप्रमाणे गस्त बदलते. उन्हाळ्यात भर दुपारी रूळ तापून वाकला का, थंडीत पहाटे आकसून तुटला का, पावसाळ्यात भराव खचला का, हे चालत जाऊन पाहायचे. इथे डोळा, कान आणि पाय लागतात. शाळेत मागच्या बाकावर बसलेली कित्येक माणसे या कामात तरबेज झालेली मी पाहिली आहेत.

पण रूळ तुटलेला दिसला की? लाल झेंडी किंवा दिवा दाखवत येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावायचे. ब्रॉडगेजवर 600 मीटरला एक फटाका आणि 1200 मीटरला 10-10 मीटर अंतराने तीन फटाके रुळावर लावायचे. अंतर कमी पडले तर गाडी थांबायला जागा उरत नाही. गस्तवाला हा आकडा वहीतून नव्हे, पायांनी शिकतो. किलोमीटरला 1660 स्लीपर असतील, तर 600 मीटर म्हणजे सुमारे 1000 स्लीपर. त्रैराशिकच झाले की हे!

अडचण दारातच आहे. ट्रॅकमेंटेनरसारख्या पदांच्या 2019 च्या भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 गणिताचे होते. पायांना येणारे गणित कागदावर आले नाही, म्हणून चांगला मुलगा बाहेर राहतो.

म्हणून पालकांना विनंती, मुलाला 'ठोंब्या' म्हणू नका. त्याला मैदान पावलांनी मोजू द्या, बाजारात वजन करू द्या, मग तेच कागदावर मांडायला लावा. रुळांवर मात्र नेऊ नका, ते काम आमचे! आपल्या मंडळानेही दर रविवारी तासभर असा वर्ग घ्यावा. शिकवायला मी येईन.

गणपती बाप्पा मोरया!