उंबऱ्याच्या आतला हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील महिला सत्रात केलेले भाषण)



भावाच्या प्रश्नावर आपण मांडवामांडवांतून पुष्कळ बोललो. कापसाचा उत्पादन खर्च किती, कांद्याची पट्टी किती आली, हे इथल्या लहान पोरालासुद्धा तोंडपाठ आहे. पण माल विकून आलेला पैसा एकदा घराचा उंबरा ओलांडून आत गेला, की पुढे त्याचे काय होते? हा हिशेब आपण कधी मांडला नाही. आज तो मांडायचा आहे. आम्ही काही कीर्तन करायला उभ्या राहिलेल्या नाही. आमच्यातल्या कित्येकजणींनी नवऱ्याची, नाहीतर मुलाची दारू घरात सोसली आहे. तेच सांगायला आलो आहोत.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करू. कर्ज झाले, पीक गेले, भाव पडला, म्हणून शेतकरी पितो, असे आपणच वर्षानुवर्षे सांगत आलो. ते सगळे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. कर्ज काय एकट्या नवऱ्याच्या डोक्यावर असते? तीच नापिकी, तोच सावकार, तीच बँकेची नोटीस बायकोच्याही वाट्याला येते. ती पीत नाही. पहाटे उठून पुन्हा निंदायला जाते. आणि ज्या वर्षी बरा भाव मिळाला, त्या वर्षी पिणाऱ्याने सोडली का? त्या वर्षी देशीच्या जागी इंग्रजी आली, एवढाच फरक.

आता आकडे घ्या. रोजची शंभराची दारू धरा. वर्षाचे झाले ३६,५०० रुपये. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस पिकला आणि सात हजारांनी गेला, तर हातात येतात ३५,०००. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी अजून वजा व्हायची आहे. म्हणजे एक अख्खा एकर आपण दारूसाठी पेरतो, आणि त्यात निंदायला घरची बाई बिनमजुरीची.

भांडण एकट्या दारूचे नाही. घरात पैसा कोणाच्या नावावर आहे, याचेही आहे. शेतातले निम्म्याहून जास्त काम बाई करते. सातबारा त्याच्या नावावर, सोसायटीचे खाते त्याचे, आडत्याची पट्टी त्याच्या खिशात. बाईच्या नावावर काय असते? बचत गटाचे कर्ज. ते घेतो तो, हप्ता भरते ती. अशा घरात दारू शिरली की बाईच्या हातात अडवायला काहीच उरत नाही. न पिणाऱ्याच्या घरीही ही विषमता आहेच, पण तिथे ती झाकलेली राहते.

आमच्या तालुक्यातल्या एका बहिणीचे सांगतो. घरी दोन म्हशी. धारा काढणार ती, वैरण-पाणी करणार ती, शेण उचलणार ती. डेअरीचा सभासद मात्र नवरा. दर दहा दिवसांचे बिल तो उचलायचा आणि गुत्त्यावर निम्मे ठेवून घरी यायचा. सरकी पेंडीची उधारी हिच्या माथी. हिने सगळे करून पाहिले. बाटल्या फोडल्या, खिसे तपासले, पोरांची शपथ घातली, माहेरी निघून गेली, परत आली. गावात इज्जत जाऊ नये म्हणून त्याची दारूची उधारीसुद्धा हिनेच मजुरीतून फेडली. त्याचा परिणाम काय झाला? गुत्तेवाल्याला खात्री पटली, की याला उधार द्यायला हरकत नाही, बायको फेडते.

मग एक दिवस ती आमच्या दोघी-तिघींना बरोबर घेऊन डेअरीत गेली आणि स्वतःच्या नावाने सभासद झाली. बिल तिच्या बँक खात्यावर यायला लागले. दारूची उधारी आपण देणार नाही, हे तिने गुत्तेवाल्याला चारचौघांत सांगितले. घरात महिनाभर मोठा तमाशा झाला. त्या दिवसांत शेजारच्या बाया रात्री तिच्या ओसरीवर निजत होत्या. नवऱ्याची दारू सुटली का? नाही सुटली. खोटे कशाला सांगू? पण पेंडीची उधारी फिटली, आणि मुलगी बारावीला बसली.

आमचे सांगणे एवढेच आहे. दारू सोडवणे बायकोच्या हातात नाही. ती भांडली म्हणून तो पीत नाही, आणि ती गोड बोलली म्हणून सोडतही नाही. व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. तो तिच्यामुळे झालेला नाही. तेव्हा ती लाज तिने वाहायची नाही. तिच्या हातात आहे ते घर आणि घरचा पैसा वाचवणे. तेवढे तरी झालेच पाहिजे.

त्यासाठी काय करायचे?

एक. महिनाभर वहीत लिहा. आलेला पैसा, गेलेला पैसा, आणि तुमची बिनमजुरीची कामेसुद्धा.

दोन. दूध, शेळ्या, कोंबड्या, मजुरी यांचा पैसा स्वतःच्या एकटीच्या खात्यावर घ्या. पासबुक आणि कार्ड आपल्याजवळ, नाहीतर विश्वासाच्या बहिणीकडे ठेवा.

तीन. दारूची उधारी फेडू नका. आणि न वाचता कोणत्याही कर्जाच्या कागदावर सही-अंगठा करू नका.

चार. सातबारा. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी आपणहून जमीन बायकोच्या नावे केली होती. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते. ते तलाठ्याकडे आजही मागा. जमिनीवर दोघांची नावे असली, की गुत्त्यापायी एकट्याला ती परस्पर विकता येत नाही.

पाच. बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीत असताना. प्यायलेल्या माणसाशी हिशेब होत नाही.

औषधाचेही सांगतो. जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्या विकणारे बाजारात फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. दारू सोडवण्याच्या काही गोळ्यांवर दारू प्यायली तर जिवावर बेतते. रोज खूप पिणाऱ्याची दारू एकदम कोंडून बंद करणेही धोक्याचे आहे. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, माणूस भ्रमात जातो. त्याला डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा ठिकठिकाणी भरतात, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तिथे पैसे लागत नाहीत.

आणि मारहाण होत असेल तर? तर वही, खाते सगळे मागे राहू द्या, आधी जीव. आजची रात्र कुठे काढायची, हे शेजारणीशी आधीच ठरवून ठेवा. कागदपत्रे तिच्याकडे ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला, ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात फक्त मार धरलेला नाही. घरखर्चाला पैसे न देणे, बाईचे स्त्रीधन विकणे, हीसुद्धा हिंसा आहे. घर बायकोच्या नावावर नसले तरी तिला घराबाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो.

भावांनो, तुम्ही मघापासून खाली बघताय. तुमच्यावर राग काढायला आम्ही आलो नाही. जो पितो, तो आमचाच भाऊ आहे, आणि त्याला दवाखान्यात न्यायला आम्ही बरोबर येऊ. पण शेतमालाला भाव मागताना आपण म्हणतो, की कष्ट करणाऱ्याला त्याचे दाम मिळाले पाहिजे. मग हा नियम उंबऱ्याबाहेर एक आणि आत दुसरा, असे चालेल का?

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने आपली वही घेऊन यावे. लिहिता येत नसेल तिने लेकीकडून लिहून घ्यावे. आणि ज्या गावात कोणी बहीण एकटी पडली असेल, त्या गावच्या चारजणींनी आज घरी जाताना आधी तिच्या दारात जावे.